मदत हवी आहे: डिस्क ९९ टक्के दाखवतेय, बिलिंग रखडलंय

सोलापूरकर_आयटी
नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे. सकाळपासून एकेक बिल सेव्ह व्हायला वीस-वीस सेकंद लागताहेत. औषधांचा घाऊक धंदा आहे, काउंटरवर रांग लागली आहे. सर्व्हरवर आयओस्टॅट (डिस्कचं काम मोजणारी कमांड) चालवलं तर डिस्क ९९ टक्के. मालक म्हणतात नवीन एसएसडी मागव, दुपारपर्यंत कोटेशन दे. घ्यावी का? कोणती घ्यावी? प्लीज लवकर सांगा.

रात्रपाळी
कोणती ओएस? डिस्क फिरती की एसएसडी? आयओस्टॅट नेमकं कसं चालवलंत? नुसतं नाव टाइप करून एंटर मारलं असेल, तर मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी दिसते, आत्ताची स्थिती नाही. 'आयओस्टॅट -एक्स ५' द्या, पहिला तक्ता सोडा, दुसऱ्यापासूनचे आकडे इथे टाका. -वाय जोडलंत तर पहिला तक्ता येतच नाही.

वऱ्हाडी_विंडोज
भाऊ, माझ्या लॅपटॉपवर पण टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के यायची. सर्व्हिसेसमध्ये जाऊन सिसमेन बंद करा, आधी त्याचं नाव सुपरफेच होतं. विंडोज सर्चही बंद करा. माझा प्रॉब्लेम तिथेच मिटला.

सोलापूरकर_आयटी
विंडोज नाही हो, उबुंटू १८.०४. डिस्क फिरत्या, ७२०० आरपीएम. दुसरा तक्ता (आर म्हणजे वाचन, डब्ल्यू म्हणजे लिहिणं, /एस म्हणजे दर सेकंदाला, अवेट मिलिसेकंदांत):
एसडीए (पहिली डिस्क): आर/एस १५६, डब्ल्यू/एस ४५, आरकेबी/एस ७९८७२, डब्ल्यूकेबी/एस ४०५, आर_अवेट ३८, डब्ल्यू_अवेट २१०, एक्यू-एसझेड १५.४, एसव्हीसीटीएम ४.९, %युटिल ९९.६.
एसडीबीचेही जवळपास असेच. आता सांगा, एसएसडी कोणती?

फ्लॅश_फक्त
घ्याच. यात विचार करण्यासारखं काही नाही. ७२०० आरपीएमला एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा, म्हणजे डेटा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी ४ मिलिसेकंद नुसती वाट, वर डोकं सरकायचा वेळ वेगळा. विखुरलेल्या विनंत्या असतील तर सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या पुढे ही डिस्क जात नाही. आमच्या ऑफिसात एसएसडी टाकल्यापासून एक तक्रार आलेली नाही.

पूर्वा_डीबीए
थांबा, कोटेशन इतक्यात देऊ नका. %युटिल म्हणजे डिस्कची किती ताकद वापरली गेली हे नव्हे. मोजलेल्या वेळापैकी किती वेळ डिस्ककडे निदान एक तरी विनंती प्रलंबित होती, एवढंच तो आकडा सांगतो. एसएसडी एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळते, त्यामुळे तिथे ९९ टक्के असूनही भरपूर ताकद शिल्लक असू शकते. फिरत्या डिस्कला हा आकडा जरा जास्त लागू पडतो, पण कारण त्यातूनही कळत नाही.

खरा त्रास डब्ल्यू_अवेट २१० मध्ये आहे. एक लिहिण्याची विनंती पूर्ण व्हायला २१० मिलिसेकंद, रांगेतली वाट धरून. एक बिल सेव्ह करताना अशा अनेक विनंत्या एकामागून एक होतात, म्हणून वीस सेकंद. आकडे एकमेकांशी जुळतात का तेही बघितलं: १५६ गुणिले ३८ अधिक ४५ गुणिले २१०, भागिले हजार, बरोबर १५.४ येतात. तीच तुमची एक्यू-एसझेड, म्हणजे रांगेत सरासरी पंधरा विनंत्या उभ्या.

आता वाचन बघा. ७९८७२ भागिले १५६ म्हणजे एका वाचनाला ५१२ केबी. लिहिणं मात्र ९-९ केबीचं. बिलिंगचा डेटाबेस कोणता? पोस्टग्रेस असेल तर तो ८ केबीच्या पानांनी काम करतो. दिवसाढवळ्या एवढे मोठे तुकडे सलग कोण वाचतंय ते शोधा. आयओटॉप किंवा पिडस्टॅट -डी चालवून बघा.

लोड_अॅव्हरेज
एसव्हीसीटीएम ४.९ आहे ना? म्हणजे डिस्क पाच मिलिसेकंदांत काम उरकतेय, डिस्कला दोष देऊ नका. बिलिंगच्या कोडमध्येच गडबड आहे. आयओवेट (डिस्कची वाट बघत सीपीयू रिकामा राहिला तो वेळ) किती आहे? तो दहा-बारा टक्क्यांच्या आत असेल तर डिस्कचा विषय सोडून द्या.

पूर्वा_डीबीए
नाही, हे साफ चूक आहे. एसव्हीसीटीएम कोणी मोजत नाही. व्यस्त वेळेला एकूण विनंत्यांनी भागलं की झालं: ९९६ भागिले २०१. त्या रकान्यावर विश्वास ठेवू नका असं खुद्द आयओस्टॅटच्या मॅन पेजवर (माहितीपानावर) लिहिलं होतं आणि पुढच्या आवृत्त्यांतून तो काढूनच टाकला. आयओवेटही तितकाच फसवा. आठ कोअरच्या मशीनवर एकच प्रोसेस सतत डिस्कची वाट बघत बसली तरी आयओवेट साडेबारा टक्क्यांच्या वर जात नाही. त्याच वेळी दुसरं एखादं गणिती काम सीपीयूवर सुरू केलंत की तो आणखी उतरतो, डिस्क होती तशीच राहते. सीपीयूच्या रिकाम्या वेळाची ती एक वर्गवारी आहे.

लोड_अॅव्हरेज
मी वर्षानुवर्षं आयओवेट बघूनच सर्व्हर सांभाळतोय ताई, आणि नीट सांभाळतोय. शून्यावरून चाळीसवर गेला की काहीतरी बिघडलंय हे कळतंच ना?

पूर्वा_डीबीए
वाढला तर दखल घ्यावी, हे मान्य. पण कमी आहे म्हणून डिस्क निर्दोष, हे मान्य नाही. तुमचा सल्ला ऐकून धागाकर्ते दिवसभर कोड तपासत बसतील.

सोलापूरकर_आयटी
पोस्टग्रेसच आहे. आयओटॉपमध्ये पोस्टग्रेसच्या ओळी दिसतात, पण सेकंदाला दोनेकशे केबीच्या आसपास. ८० एमबी वाचणारं कोणीच दिसत नाही. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं, तेव्हाही सोमवारच होता. साडेतीन वाजता आपोआप सुरळीत झालं म्हणून सोडून दिलं.

फ्लॅश_फक्त
एसएसडी असती तर हा शोध घ्यायची वेळच आली नसती.

रात्रपाळी
अहो, मागच्या महिन्याचं आधी सांगायचं ना! पहिल्या आठवड्यातलाच सोमवार होता का? आणि एसडीए-एसडीबी सारखेच आकडे देताहेत, म्हणजे सॉफ्टवेअर रेड (दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवणारी जोडी) आहे. आयओस्टॅटमध्ये एमडी०ची (त्या जोडीची) ओळ असेल, ती का गाळलीत?

सोलापूरकर_आयटी
हो, रेड १, १२ टीबीच्या दोन डिस्क. एमडी०वर आर/एस १२, आरकेबी/एस १९०, डब्ल्यू/एस ४०, अवेट आणि %युटिल दोन्ही ०.००. शून्य होतं म्हणून नाही टाकलं. सोमवार पहिल्या आठवड्यातलाच.

रात्रपाळी
तुमच्या जुन्या कर्नलवर (ओएसच्या गाभ्यावर) एमडी उपकरणांचा वेळ मोजलाच जात नाही, म्हणून ते शून्य. पण विनंत्या मोजल्या जातात, आणि सगळा उलगडा तिथेच होतो. तुमच्या सॉफ्टवेअरने एमडी०कडे मागितले १९० केबी आणि खालच्या प्रत्येक डिस्कवरून वाचले जाताहेत ८० एमबी. हा फरक वरून आलेला नाही, रेडने स्वतःच सुरू केलेला आहे. प्रॉकखालची एमडीस्टॅट फाइल (रेडची आत्ताची स्थिती त्यात असते) कॅट करून दाखवा. आणि सिसकंट्रोलमधल्या (कर्नलच्या सेटिंगांमधल्या) डेव्ह.रेड.स्पीड_लिमिट_मिनचा आकडा द्या.

सोलापूरकर_आयटी
चेक = ९१.०%, फिनिश = २२५ मिनिटं, स्पीड साधारण ८०००० के/सेकंद.
स्पीड_लिमिट_मिन = १०००००. सिसकंट्रोलच्या कॉन्फ फाइलमध्येच आहे, आधीच्या माणसाने डिस्क बदलली तेव्हाची तारीख टिपून ठेवलीय.

रात्रपाळी
सापडलं. उबुंटू १८.०४ मध्ये एमडीएडीएमचं (रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं) एक क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२:५७ ला ते चेक सुरू करतं. दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या आणि ताडून बघायच्या. १२ टीबी म्हटल्यावर रविवार पुरत नाही. हे काम कर्नलची अंतर्गत प्रोसेस करते, म्हणून पोस्टग्रेसच्या यादीत त्याचा पत्ता लागत नाही.

चेकने एरवी दुसऱ्यांना वाट द्यायची असते. दुसरी कामं सुरू असली की तो स्पीड_लिमिट_मिनपर्यंत खाली येतो, आणि मूळचा आकडा १००० आहे, म्हणजे सेकंदाला जेमतेम १ एमबी. तुमच्याकडे तोच १००००० केलेला. नवी डिस्क लवकर भरावी म्हणून कोणीतरी वाढवला असणार, तेव्हा ते बरोबरच होतं, पण परत उतरवला नाही. एवढा वेग गर्दीत डिस्क गाठूच शकत नाही, त्यामुळे चेक माघार घेतच नाही. बिलांचं लिहिणं त्याच्या ५१२ केबीच्या तुकड्यांमध्ये अडकून पडतं.

आत्ता हे करा: सिसकंट्रोल -डब्ल्यूने तो १००० करा. चालू चेकवर लगेच लागू होतं, काही बंद पाडावं लागत नाही. कॉन्फ फाइलमधली ओळही काढा.

लोड_अॅव्हरेज
त्यापेक्षा ते क्रॉनच उडवून टाका, कटकट नको.

रात्रपाळी
नका हो, कृपा करून हे करू नका! कधी न वाचलेल्या जागेवर सेक्टर खराब झाला तर तो सहसा कळतो असल्या चेकमध्येच. नाही कळला, आणि दुसरी डिस्क गेल्यावर नवी भरताना नेमका तोच सेक्टर वाचायची वेळ आली, की त्या जागेचा डेटा गेला. आमच्याकडे हिशेबाची जुनी फाइल अशीच गेली आहे, परत मिळाली नाही. वेळ बदला, शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर सुरू करा.

सोलापूरकर_आयटी
केलं. मिनिटभरात डब्ल्यू_अवेट १४ वर आला, %युटिल २५-३० च्या दरम्यान. बिल लगेच सेव्ह होतंय, रांग सरकली. एमडीस्टॅटमध्ये फिनिशची वेळ कितीतरी लांब गेलीय, पण ती रात्री भरून काढेल ना? पूर्वाताई, रात्रपाळीदादा, मनापासून आभार. मालकांना कोटेशन थांबवायला सांगितलं.

पूर्वा_डीबीए
हो, गर्दी ओसरली की वेग आपोआप वाढेल, वरची मर्यादा २००००० आहे. उद्या सकाळी चेक संपलाय याची खात्री करा आणि मिसमॅच_सीएनटीचा (दोन डिस्कमध्ये न जुळलेल्या जागांचा) आकडा बघून ठेवा. आणि १८.०४ ची नेहमीची अपडेट २०२३ मध्येच थांबली आहेत, मालक खर्चाला तयार आहेत तोवर तो विषय काढा.

फ्लॅश_फक्त
डेटाबेसपुरती तरी एसएसडी घ्याच, पुढच्या वर्षी माझी आठवण येईल.

वऱ्हाडी_विंडोज
अवांतर आहे, पण विंडोजमध्ये हे अवेट कुठे दिसतं? सिसमेन बंद करूनही परवा परत १०० टक्के आलं.

रात्रपाळी
परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये फिजिकल डिस्कखाली अॅव्हरेज डिस्क सेकंद पर रीड आणि पर राइट असे दोन काउंटर आहेत. आकडा सेकंदांत येतो, ०.०२१ म्हणजे २१ मिलिसेकंद. नवा धागा काढा आणि डिस्क कोणती ते पहिल्याच ओळीत लिहा.