कॉन्ज्युरिंग एकट्याने बघू का?

२०१३ चा कॉन्ज्युरिंग हा भुताचा हॉलिवूड सिनेमा अजून बघितला नाहीये, खरंच एवढी भीती वाटते का की नुसतं रक्त आणि किंचाळणं?

> रक्त फारसं नाहीच रे, म्हणून तर जास्त टरकते. टाळ्यांच्या लपाछपीत आईच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि कपाटातून दोनच हात बाहेर येऊन टाळी वाजवतात, माझा तर घसाच कोरडा पडला. एकट्याने नको.

> मला भुतापेक्षा त्या आईचंच वाईट वाटलं, पाच मुली, रोज अंगावर नवीन काळेनिळे डाग, आणि शेवटी तीच झपाटते आणि पोटच्या पोरीवर उठते. रडले मी.

> सिनेमातलं ते अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधलं कुटुंब खरंच होतं, १९७१ ला राहायला आलं आणि १९८० पर्यंत त्याच घरात राहिलं.