ह्यांनी गोळी बंद केली

ए-४०२ काकू: ‘तेलातल्या स्टेरॉलने कोलेस्टेरॉल उतरतं’ असा कालचा तो तेलाचा फॉरवर्ड कोणी टाकला? ह्यांनी आज कोलेस्टेरॉलची गोळी घेतलीच नाही. वर मला म्हणतात, भाजीत तेल सढळ हाताने घाल.

बी-१०३ काका: मीच टाकला. वनस्पतीतले स्टेरॉल कोलेस्टेरॉल कमी करतात. यात खोटं काय?

ए-४०२ काकू: मागच्या त्या रसाच्या वेळीही हेच म्हणाला होतात.

सी-३०१ (डाएटिशियन): काकांचं अर्धं खरं आहे. सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल हे वनस्पतीतले स्टेरॉल कोलेस्टेरॉलचे जुळे भाऊच दिसतात. आतड्यात दोघांची जागेसाठी मारामारी होते, मग कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं. पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ८-१० टक्के उतरवायला रोज साधारण २ ग्रॅम स्टेरॉल लागतात. तेल-धान्यं मिळून रोजच्या जेवणातून मिळतात २०० ते ४०० मिलिग्रॅम.

बी-१०३ काका: तेलाच्या डब्यावर स्पष्ट लिहिलंय, कोलेस्टेरॉल फ्री.

डी-२०२: काका, पाण्याच्या बाटलीवर ‘हाडं नाहीत’ असं लिहिल्यासारखं आहे ते 😂

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, कृपया.

डी-२०२: मग लिफ्टचं सांगा ना. तिसरा आठवडा.

सेक्रेटरी: मेंटेनन्स कोणाचा थकलाय, तेही सांगू का?

सी-३०१: स्टेरॉल भरपूर म्हणून मक्याच्या तेलाचं नाव घेतात. त्यातूनही २ ग्रॅम हवे तर रोज पावशेराच्या आसपास तेल प्यावं लागेल. म्हणजे नुसत्या तेलाच्याच दोनेक हजार कॅलरी.

ए-४०२ काकू: हे मोठ्याने वाचून दाखवलं. गप्प बसलेत.

ए-१०१: आमच्या नणंदेच्या मुलाला तर डॉक्टरांनी उलट स्टेरॉलच टाळायला सांगितलेत. कोपरांवर पिवळट गाठी आल्या होत्या.

सी-३०१: सिटोस्टेरोलेमिया हा आजार असेल. आत आलेलं स्टेरॉल आतडं परत बाहेर ढकलतं, त्या कामाच्या जीनमध्येच दोष असतो. फार क्वचित दिसतो.

बी-१०३ काका: तरी डब्यावर लिहिलंय ते खोटं नाही.

सी-३०१: खोटं नाही हो. कुठल्याच वनस्पती तेलात नाव घेण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतं. आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची ही गोळी, यकृतात बनणारं कोलेस्टेरॉल रोखतं, ते काम वेगळं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नको.

ए-४०२ काकू: घेतली एकदाची. बी-१०३, तुमची स्वतःची चालू आहे का हो?

डी-२०२: काका टायपिंग...

बी-१०३ काका: रात्रीची आहे. घेतो.