स्वस्तातला ऑडिओ रॅक: तयार टेबलं की प्लाय?

प्रश्न (कोथरूड): अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आणि टर्नटेबलसाठी (रेकॉर्ड प्लेअर) आयकियाची ‘लॅक’ मॉडेलची दोन छोटी टेबलं एकावर एक चढवली तर चालेल का?

उत्तर १: अ‍ॅम्प जड असेल तर नको. लॅकची फळी आतून पोकळ, कागदी जाळीची असते. मध्ये स्क्रू धरत नाही.

उत्तर २: भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिमी बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायच्या चार फळ्या कापून घ्या. सोबत १२ मिमी जाडीचे, मीटरभर लांबीचे चार थ्रेडेड (पूर्ण आटे पाडलेले) रॉड, ३२ नट, ३२ रुंद वॉशर. रॉड चारही कोपऱ्यांतून जातात; प्रत्येक फळी वरून-खालून नट-वॉशरने धरायची. फळ्या एकत्र आवळून १३ मिमीची भोकं एकदमच पाडा, नाहीतर रॉड तिरके अडकतात. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) टाळाच, पावसाळ्यात कडा फुगतात.

उत्तर ३: टर्नटेबल सगळ्यात वर ठेवा, लेव्हल नटांनी साधा. अ‍ॅम्पच्या डोक्यावर उष्णता निघायला १० सेंमी मोकळी जागा हवीच.