बास्केटबॉलमधला राखीव खेळाडू चांगला हेड कोच होतो का? (तिघांची चर्चा)

झडप
एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) संघ बदलत फिरलेला राखीव खेळाडू कोच व्हायला स्टारपेक्षा जास्त तयार असतो, असं माझं ठाम मत आहे. पुढे हेड कोच झालेला टायरॉन लू बघा. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) २३ वा, पुढे ११ हंगामांत ७ संघ. २००१ च्या अंतिम मालिकेआधी लेकर्स संघाच्या सरावात प्रतिस्पर्धी संघाचा स्टार ॲलन आयव्हर्सन बनून खेळायचं काम त्याच्याकडे होतं. समोरच्या संघाच्या चाली सरावात राखीव खेळाडूच चालवतात, त्यामुळे त्या आतून कळतात.

दुसरं म्हणजे भाषा. कडेच्या पिक अँड रोलमध्ये (एक खेळाडू चेंडूवाल्याच्या बचावपटूची वाट अडवून ‘स्क्रीन’ लावतो आणि मग बास्केटकडे वळतो, ती चाल) चेंडूवाल्याला स्क्रीनकडे वळू न देता साइडलाइनकडे दाबायचं, याला एका संघात ‘आइस’ म्हणतात, दुसऱ्यात ‘ब्लू’, तिसऱ्यात ‘डाउन’. नाव दर वेळी बदललं की मूळ कल्पना डोक्यात पक्की बसते.

उमेदवार
अजिबात पटलं नाही. लू २००९ ला खेळायचा थांबला आणि क्लीव्हलँडचा हेड कोच झाला जानेवारी २०१६ मध्ये. मधली वर्षं बोस्टन, क्लिपर्स आणि क्लीव्हलँड या संघांत दुसऱ्यांच्या हाताखाली गेली. १-३ अशा पिछाडीवरून अंतिम मालिका जिंकणारा कोच तिथे घडला.

त्याच २००१ च्या लेकर्समधला डेरेक फिशर घ्या. २०१४ मध्ये खेळ सोडला आणि त्याच उन्हाळ्यात निक्सचा हेड कोच. ४० विजय, ९६ पराभव, फेब्रुवारी २०१६ मध्ये हकालपट्टी. आणि एरिक स्पोलस्ट्रा? एनबीएत एक मिनिटही खेळला नाही. १९९५ मध्ये मायामीच्या व्हिडिओ विभागात लागला, २००८ मध्ये हेड कोच, २०१२ आणि २०१३ ला विजेतेपद.

झडप
फिशर तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! २००१ च्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) तो सुरुवातीच्या पाचांत होता, लू बाकावर.

फळा-मार्कर
त्यावरून काही सिद्ध होत नाही. फिशरला सहायक कोच म्हणून शिकायची उमेदवारीच मिळाली नाही, हा फरक जास्त मोठा.

खेळाडूला स्वतःची जागा पाठ असते, कोचला पाचही लागतात. अडतं ते टाइमआउटमध्ये. तो ७५ सेकंदांचा. सुरुवातीला कोच आपसात बोलतात, शेवटी खेळाडू उठून कोर्टवर जातात. हातात उरतात जेमतेम ४० सेकंद. नवखा कोच तेवढ्यात बचावाची चूक सांगतो, रेफरीबद्दल बोलतो आणि घाईघाईत फळ्यावर सहा बाण काढतो. खेळाडूंना त्यातला शेवटचा बाण तेवढा आठवतो. एकच चाल काढावी: चेंडू आत कोण टाकणार, पहिला स्क्रीन कोणाचा, पहिला पास अडवला तर दुसरा कुठे. मग चेंडू टाकणाऱ्याकडून ती वदवून घ्यावी. गडबड बहुतेक वेळा त्याच्याकडूनच होते, कारण त्याच्याकडे फक्त ५ सेकंद असतात.

दुसरी चूक म्हणजे स्वतः करून दाखवणं. सहा फुटी गार्डचं पाऊल सात फुटी सेंटरला जमत नाही. त्याला कोन समजावून सांगावा लागतो.

उमेदवार
हेच म्हणतोय. हे बाकावर बसून येत नाही.

झडप
उमेदवारी हवी, मान्य. पण निवृत्त राखीव खेळाडूला संघ नेमतात कुठे? स्टारच्या वैयक्तिक सरावात रिबाउंड (हुकून परतलेले चेंडू) गोळा करून पास द्यायला. तीन वर्षं तेच केलं तर तो काय शिकणार? पहिल्या हंगामापासून त्याला प्रतिस्पर्ध्यांचे अहवाल लिहायला द्या, सामन्याच्या सकाळी संघासमोर उभं करा.

फळा-मार्कर
आणि अहवाल एका पानात बसवायला लावा. दहा चाली लिहिणं सोपं आहे, त्यातल्या कोणत्या तीन खेळाडूंना सांगायच्या हे ठरवणं अवघड.