नेटचा प्रश्नच नाही, व्हर्जनचा आहे
नेट असताना टर्मिनलमधे (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पायडॉकसारख्या कमांडने डॉक्युमेंटेशन कशाला बघायचं, हे वर लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही. गूगल नव्या पायथनचं पान दाखवतं आणि सर्व्हरवर जुनंच बसलेलं असतं. इकडे इंदुरात विजयनगरला एका क्लायंटकडे सर्व्हरवर पायथन ३.८ आहे, आमच्या पोराने स्ट्रिंगवर रिमूव्हप्रिफिक्स (मजकुराच्या सुरुवातीचा भाग काढणारं फंक्शन) वापरलेलं, त्याच्या लॅपटॉपवर मस्त चालत होतं आणि तिथे ॲट्रिब्यूट एरर, म्हणजे असं फंक्शनच नाही. त्याच सर्व्हरवर पायडॉक (तिथल्याच पायथनचं डॉक्युमेंटेशन दाखवणारी कमांड) मारलं तर सरळ उत्तर, याचं डॉक्युमेंटेशन सापडत नाही, कारण ते आलंच ३.९ मधे. विषय तिथेच मिटला.

एक गोष्ट मात्र कोणीच लिहिली नाहीये आणि ती महत्त्वाची आहे, पायडॉक माहिती दाखवायला मॉड्यूल आधी इंपोर्ट करतं, म्हणजे फाइलमधे फंक्शनबाहेर मोकळा लिहिलेला कोड खरोखर रन होतो, तेव्हा स्वतःच्या स्क्रिप्टवर लावायच्या आधी डेटाबेसमधलं काही पुसणाऱ्या ओळी मेनवाल्या इफच्या (if __name__ == "__main__":) आत आहेत ना ते नीट बघून घ्या. आणि उबुंटू लिनक्सवर पर्लडॉक (पर्ल भाषेसाठी अशीच कमांड) चालत नसेल तर पर्ल-डॉक (perl-doc) हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं, मग पर्लडॉकला -एफ देऊन स्प्लिट म्हटलं (perldoc -f split) की तेवढ्याच फंक्शनची माहिती समोर येते.