तर्री परत आली

रश्मी (सी-१०४):
सगळ्यांना आधीच सांगून टाकते, आपल्या पार्किंगमध्ये सापडलेली कुत्री, तर्री, परत आली. बेसाच्या ज्या लोकांना पाळायला दिली होती, त्यांनी नवव्या दिवशी आणून सोडली. म्हणे कूलरची वाळ्याची ताटी फाडली, दोन सँडल खाल्ले. दिवसभर घरी कोणी नाही, मग ती काय पेपर वाचत बसणार? पण चूक माझीही आहे. पहिला होकार आला आणि मी हुरळून देऊन टाकली.

देवतळे काका (बी-३०१):
म्हणजे पुन्हा पहाटे साडेपाचपासून हू हू सुरू. काऊन ओरडून राहते ती एवढी? गेटवरचा मोती तर दिवसभर झोपून राहतो.

रश्मी:
काका, बीगल आहे ती. सशाचा वास धरून तासन्‌तास पळायचं आणि मागच्या शिकाऱ्याला कळावं म्हणून हेल काढून ओरडायचं, यासाठीच ही जात घडवली. परदेशात काही विमानतळांवर सामान हुंगायलाही बीगल ठेवतात. दहा-अकरा किलोचा जीव बघून लोकांना वाटतं फ्लॅटमध्ये मावेल. ती मावते, तिचा दम मावत नाही.

प्रणय (ए-२०२):
ज्यांनी पार्किंगच्या पाइपाला बांधून सोडली त्यांचं काय? कॅमेऱ्यात गाडीचा नंबर आहे ना? केस ठोका.

सचिव:
तक्रार देऊ. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तेवढ्यात एक प्लेट तर्री-पोहे येतात. 🙏

शुभांगी काकू (ए-४०३):
माझ्या भावाचा काटोलकडे संत्र्याचा बगीचा आहे. तिथे सोडा ना, मोकळी राहील बिचारी.

रश्मी:
काकू, राग नका मानू. शेतावर कुत्रं मोकळं राहतं हा आपला समज. दिवसा साखळी, रात्री राखण. ही वासामागे निघाली की हाक ऐकत नाही, संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गावात. राखणीला तर अगदीच कुचकामी, चोराचे पाय चाटेल. आणि बिबट्या आला तर आधी कुत्रंच उचलतो.

शुभांगी काकू:
हे बाकी खरं. भावाचं आधीचं कुत्रं बिबट्यानंच नेलं.

देवतळे काका:
मग फुकट देतो म्हणून जाहिरात टाका.

रश्मी:
टाकली होती. अकरा फोन आले. सात जणांचा पहिलाच प्रश्न, "पिल्लं देते का?" एकाने तर माझ्याकडे नर तयार आहे असंही सांगितलं. म्हणून आधी नसबंदी करून घेतली. टाके निघालेत, रेबीजची लस झाली, कार्ड माझ्याकडे आहे. नसबंदी झाली म्हटल्यावर त्या सातांपैकी एकाचाही फोन परत आला नाही.

प्रणय:
आणि ते प्रतापनगरचे बंगलेवाले?

रश्मी:
जाऊन आले. आवार मोठं, माणसंही चांगली. पण फाटकाजवळ टिनाच्या शेडखाली साखळीचा हूक आधीच ठोकून ठेवलेला. नागपूरच्या एप्रिलात टिनाखाली! कळवते म्हटलं आणि निघाले.

मनीषनगरला दुसरं घर पाहिलं. वन बीएचके. नवरा-बायको दोघेही हॉस्पिटलात नोकरीला, शिफ्ट उलटसुलट, म्हणजे घरी बहुतेक वेळा कोणीतरी असतंच. त्यांचा एक म्हातारा गावठी कुत्रा आहे, त्याला पहाटे पाचला फिरवतात, उन्हात डांबर तापून पाय पोळतात म्हणून. दुपारी हिला कशात गुंतवाल विचारलं, तर बाई म्हणाल्या, जुन्या टॉवेलात भाकरीचे तुकडे गुंडाळून देऊ, हुंगत शोधत बसेल. हे मीच त्यांना सांगणार होते! परवा मी तर्रीला ओळख करून द्यायला तिथे नेलं. म्हाताऱ्याने एकदाच गुरगुरून जागा दाखवली, तर आपल्या तर्री बाईसाहेब चक्क खाली बसल्या.

देवतळे काका:
बंगला सोडून वन बीएचके? मले तर समजलं नाही बाप्पा.

रश्मी:
काका, आवारात ती एकटी पळत नाही, फाटकाशी बसून रडते. माणूस सोबत निघाला की पळते.

सचिव:
मग पक्कं समजायचं?

रश्मी:
सध्या तीन आठवडे. पहिले तीन दिवस कुत्रं दबून असतं, खरे रंग तीन आठवड्यांत दिसतात, घर आपलं वाटायला तीनेक महिने जातात. बेसावाल्यांना हे मी आधी सांगितलंच नव्हतं. या वेळी सांगितलं, आणि जमलं नाही तर माझ्याकडेच परत, दुसऱ्या कोणाला परस्पर द्यायची नाही, हे लिहून घेतलं.
रविवारी सकाळी सातच्या आत पोचवायची आहे. गाडी कोणाची मिळेल?

देवतळे काका:
माझी घ्या. मागच्या सीटवर जुनी चादर टाका. अन् माझी डावी कोल्हापुरी तिच्या गादीखाली आहे का, तेवढं बघून सांगा.

रश्मी:
आहे काका. अर्धी.