ऑथेंटिकेशन : प्रमाणीकरण, अधिप्रमाणन की मोर्तब?

प्रश्न : 'मेसेज ऑथेंटिकेशन'ला, म्हणजे संदेश खरंच त्याच माणसाचा आणि न बदललेला आहे ना हे पडताळण्याला, मराठीत काय म्हणावं? संदर्भ माहिती-सिद्धान्ताचा आहे, म्हणजे शत्रूकडे कितीही ताकदवान संगणक असला तरी टिकणारी सुरक्षा. शिवाय संदेशाची वाहिनी 'नॉइझी' आहे, म्हणजे वाटेत ० चा १ किंवा १ चा ० होऊ शकतो, तेव्हा तोही शब्द हवा.

— 'आधार प्रमाणीकरण' आता सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण प्रमाणवेळ, प्रमाणभाषा यांमुळे 'प्रमाण' ऐकलं की मानक आठवतं. 'अधिप्रमाणन' रुक्ष खरा, पण नेमका. 'साक्षांकन' नको, ते झेरॉक्स प्रतींसाठी राहू द्या.

— शिक्कामोर्तब कसं विसरलात! शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब, म्हणजे खाली कुणी ओळ घुसडायला नको. पत्र कुणाचं आणि मजकूर तेवढाच का, दोन्हींची सोय झाली. संदेशाच्या शेवटी जोडतात त्या 'टॅग'ला मी बिनदिक्कत मोर्तब म्हणेन.

— शब्द झकास, पण मोर्तबाचा ठसा प्रत्येक पत्रावर तोच असतो. टॅग मजकूर आणि गुप्त किल्ली (फक्त पाठवणारा आणि घेणारा यांना ठाऊक असलेला आकडा) या दोन्हींवरून ठरतो, मजकूर बदलला की तोही बदलतो. शिवाय आज 'उमेदवारीवर शिक्कामोर्तब' म्हणजे नुसती अंतिम मंजुरी. टॅगपुरतं मोर्तब चालेल, क्रियेला अधिप्रमाणनच बरं.

हल्ल्यांना मात्र मराठीत तयार शब्द आहे. गणितज्ञ सिमन्स यांनी १९८४ च्या सुमारास मांडलेल्या अधिप्रमाणनाच्या सिद्धान्तात दोन हल्ले येतात. काहीच न ऐकता आपलाच संदेश खरा म्हणून खपवणं ही सरळ तोतयेगिरी (पानिपतानंतरचे भाऊसाहेब आठवा). खरा संदेश अडवून दुसरा पुढे सरकवणं, याला 'मजकूरपालट' म्हणू.

— आणि नॉइझ? 'व्यत्यय' म्हणू का?

— व्यत्यय इंटरफिअरन्ससाठी लागेल. 'खरखर' रेडिओची. 'गोंगाट' घ्या, ० चा १ होताना आवाज होत नाही हे मान्य, पण इंग्रजीत तरी कुठे होतो?

गंमत म्हणजे इथे गोंगाट आपल्या बाजूचा आहे. स्वच्छ वाहिनीत मोर्तब शत्रूलाही जसंच्या तसं दिसतं आणि किल्लीची थोडी माहिती फुटते. म्हणून २० बिटांची किल्ली (म्हणजे सुमारे १० लाख शक्य किल्ल्यांपैकी एक) असली तरी एका संदेशामागे फसवणुकीची शक्यता १०२४ त एक याहून खाली आणता येत नाही. तीच किल्ली पुन्हा वापरली तर आणखी वाढते. लाइ, एल गमाल आणि पूअर या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की शत्रूची वाहिनी आपल्याहून जास्त गोंगाटी असेल तर किल्ली त्या गोंगाटात लपवता येते. मग संदेश पुरेशा लांब संकेतांत (०-१ च्या माळांत) पाठवला की ही शक्यता सुमारे १० लाखांत एक इथवर उतरते, आणि तीच किल्ली अनेक संदेशांना पुरते.

— मग 'गोंगाटी वाहिनीवरील संदेश-अधिप्रमाणन' लिहितो. 'की'ला किल्ली की कळ?

— किल्ली. कळ दाबायची असते.